माथेरानची घोडेस्वारी: दर विचारायच्या आधी घोडा बघा

आधी निकाल सांगते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. माथेरानला घोड्यावर बसणं पैसावसूल आहे का, तर हो आहे, पण सगळ्या घोड्यांवर नाही आणि सगळ्या घोडेवाल्यांबरोबर तर नाहीच. चांगला घोडा आणि चांगला माणूस मिळाला तर पाचपैकी साडेचार. दस्तुरीला (गाड्या थांबतात त्या नाक्यावर) उतरल्या उतरल्या जो पहिला अंगावर आला त्याच्याच घोड्यावर बसलात तर मग दोन, तेही झाडांमुळे. आणि खरं सांगू का, घोडेवाल्यांना नावं ठेवायला आपण सगळे तयार असतो पण त्या राइडची अर्धी वाट आपण पर्यटकच लावतो, त्यामुळे हा रिव्ह्यू दोघांचाही आहे, वाचून राग आला तर येऊ दे.

आम्ही चौघं होतो, मी, नवरा, आमची ओवी (वय नऊ, प्राणी दिसला की धावत सुटणारी) आणि माझी भाची सई. सई पुण्यात कॉलेजला आहे आणि तिकडे एका रायडिंग क्लासला जाते, रीतसर, पहाटे उठून. तिच्यामुळे या वेळी माथेरान वेगळंच दिसलं. आपण घोडा बघतो तेव्हा रंग बघतो, आयाळीला लावलेले गोंडे बघतो. ती बघते पाठ, खूर आणि तोंडाचे कोपरे. तिने सांगितलेलं आणि मी स्वतः बघितलेलं असं दोन्ही इथे लिहिते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माथेरानला खाजगी गाडी दस्तुरी नाक्यापर्यंतच जाते. तिथून पुढे चालत, घोड्यावर, हातरिक्षाने (त्या बंद करायचा आदेश सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला), अमन लॉज स्टेशनवरून शटल ट्रेनने किंवा आता ई-रिक्षाने, ज्यांचा प्रयोग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्राने माथेरान इको-सेन्सिटिव्ह झोन जाहीर केलं, पण गाड्यांना बंदी त्याच्याही खूप आधीपासूनची. म्हणजे इथला घोडा चौपाटीवरच्यासारखा नुसता फोटोपुरता नाहीये, तो इथली वाहतूक आहे. माणसं त्याच्यावरून जातात, बॅगा जातात, सिलिंडर जातात, बांधकामाचं सामान पण जातं. चारशेच्या वर लायसनचे घोडे आहेत, प्रत्येकाला नंबर असतो. हा नंबर लक्षात ठेवा किंवा सरळ फोटो काढून ठेवा, पुढे काही तक्रार करायची वेळ आली तर "तो तपकिरी घोडा हो" असं सांगून काही उपयोग होत नाही कारण सगळेच तपकिरी.

दस्तुरीचा अनुभव मात्र सुधारायला हवा. गाडीचं दार उघडायच्या आधी चार जण काचेवर. "ताई ट्रेन बंद आहे", "ताई बाजार लई लांब आहे", "ताई चढ आहे, मुलीला जमणार नाही". ट्रेन चालू होती, बाजार अडीच-तीन किलोमीटर आहे आणि चढ अगदीच मामुली. याच प्रकारावरून मार्च २०२५ मध्ये खुद्द माथेरानकरांनी गाव बंद ठेवलं होतं की दस्तुरीला पर्यटकांची दिशाभूल थांबवा म्हणून, तेव्हा हे मी एकटीच बोलत नाहीये. तिथे दराचा बोर्ड आहे, तो वाचा, त्यावर काय लिहिलंय ते मोठ्याने वाचा, अर्धी गर्दी आपोआप पांगते. आम्ही बॅगा हातरिक्षावर दिल्या आणि रुळाच्या बाजूबाजूने चालत बाजारात गेलो, ओवी माकडं मोजत आरामात आली. घोडा घेतला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, बाजाराच्या बाजूने, पॉइंट बघायला. माझा सल्ला हाच राहील. दस्तुरीच्या गोंधळात घोडा निवडताच येत नाही, तिथे घोडाच तुम्हाला निवडतो म्हणजे त्याचा मालक निवडतो.

आता निवडायचं कसं. सईने आम्हाला पाच-सहा घोड्यांसमोरून नुसतं चालत नेलं, कोणाशी भाव नाही काही नाही. मी विचारलं, अगं काय शोधतेयस? तर म्हणाली, "मावशी, आधी खोगिराखाली बघ." खोगिराच्या कडेला किंवा मानेच्या उंचवट्याजवळ केस गेलेले असतील, कातडं सोललेलं असेल, माशा बसत असतील, तर त्या घोड्यावर बसायचं नाही. मग कितीही स्वस्त असो. तंगाच्या म्हणजे पोटाखालच्या पट्ट्याच्या जागी पण तसंच बघायचं. मग तोंडाचे कोपरे, लगाम ओढून ओढून तिथे चिरा पडतात. लगामाच्या तोंडातल्या भागाला काटे असतील तर तो थेट गुन्हा आहे, ओझ्याच्या जनावरांबद्दलचे १९६५ चे केंद्राचे नियम आहेत त्यात काटेरी लगाम वापरायला बंदी आहे. आम्हाला असा एकही दिसला नाही, हे मुद्दाम सांगते. पण एका घोड्याचे खूर इतके वाढलेले की पुढून वर वळले होते, सई म्हणाली याला नालबंदाने बघून दोन-तीन महिने तरी झालेत. साधारण सहा ते आठ आठवड्यांनी खूर कापून नाल परत बसवावी लागते, आपल्या नखासारखंच ते, वाढतच राहतं.

अजून एक गंमत. एक घोडा मागचा एक पाय जरा वाकवून, खुराचं फक्त टोक टेकवून उभा होता. शेजारच्या ग्रुपमधल्या एक काकू म्हणाल्या, बिचारा लंगडा आहे, त्याला घेऊ नका. तो लंगडा नव्हता हो, आराम करत होता. घोडे उभ्याउभ्या डुलकी काढतात आणि मागचे पाय आलटून पालटून सैल सोडतात. काळजी करायची ती पुढचा पाय असा पुढे टाकून त्याच्यावर वजन घेत नसेल तर, तेव्हा काहीतरी दुखत असतं. आणि कान. कान पुढे किंवा इकडेतिकडे फिरत असतील तर स्वारी मजेत आहे, कान मागे मानेला चिकटवले तर तुम्ही लांब व्हा, फोटो नंतर.

आम्ही शेवटी जे मामा निवडले ते मुळात आमच्याकडे आलेच नव्हते. ते आपले बादलीने घोडीला पाणी पाजत होते. सईने विचारलं, मामा येणार का, तर म्हणाले "पाणी पिऊन होऊ दे, मग." मला तर तिथेच पटलं. घोडीचं नाव चांदणी, कपाळावर पांढरा ठिपका, मामांनी सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली. (सारंगखेडा म्हणजे नंदुरबारकडे तापीच्या काठी दत्तजयंतीला भरणारा घोड्यांचा बाजार, एकदा बघायलाच हवा असं काय काय सांगत होते ते वाटेत.) दुसरा त्यांच्या पुतण्याचा, जरा थोराड, शेरू नावाचा.

आणि मग मामांनी जो प्रश्न विचारला तो आजवर मला कुठल्याच हिल स्टेशनला कोणी विचारला नव्हता. "वजन किती तुमचं?" नवरा जरा गोरामोरा झाला. पण बरोबरच आहे ना! साधारण हिशेब असा की घोड्याच्या स्वतःच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत त्याच्या पाठीवर असावं, आणि त्यात खोगीर पण धरायचं. साडेतीनशे किलोची घोडी असेल तर सगळं मिळून सत्तर किलो झाले. आपल्याकडची टुरिस्टांची घोडी काही रेसकोर्सवरची पाचशे किलोची थोरोब्रेड नसते, ती लहानखुरीच असतात. आमच्या ह्यांचा आकडा इथे लिहिला तर घरी भांडण होईल, एवढंच सांगते की हे चालत आले. चांदणीवर ओवी, शेरूवर मी आणि सई आलटून पालटून. कोणाला अपमान वगैरे वाटायची गरज नाही यात, नव्वद किलोच्या माणसाने पाठीला सॅक लावून वर मांडीवर पोरगं घेऊन एका तट्टावर बसायचं आणि मग घोडा हळू चालतोय म्हणून कुरकुर करायची, हे मी त्याच दिवशी डोळ्यांनी बघितलं.

बसायच्या आधीचं जे काही आहे ते मुलांना आधी घरीच शिकवून न्या, तिथे जाऊन नाही होत. ओवीला सईने आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं. धावत जायचं नाही, किंचाळायचं नाही, मागून तर जायचंच नाही. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात त्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त शेपटीच्या थेट मागचं आणि कपाळाच्या थेट समोरचं दिसत नाही. म्हणजे आपण मागून गुपचूप गेलो किंवा समोरून एकदम कपाळावर हात ठेवायला गेलो (सगळे हेच करतात) तर त्याच्या दृष्टीने तो हात हवेतून उगवलेला असतो. खांद्याच्या बाजूने, तिरकं, बोलत बोलत जायचं. आधी मालकाला विचारायचं हात लावू का म्हणून. मग हाताची पालथी बाजू हुंगायला द्यायची आणि मानेवर हात फिरवायचा. थोपटणं म्हणजे आपण जे धपाधप मारतो ना ते त्याला काही फार आवडतं असं नाही, खाजवलेलं आवडतं, मानेच्या बुडाशी जिथे आयाळ संपते तिथे. ओवीने तिथे खाजवलं तर चांदणीने वरचा ओठ असा लांब करून हलवला की आम्ही सगळे हसत सुटलो.

चढतानाचं पण सांगते. रिकिबीत (पाय ठेवायच्या कडीत) पाय टाकून लोंबकळत, खोगीर आपल्याकडे ओढत चढायचं नाही, त्याने सगळा ताण घोड्याच्या पाठीच्या एका बाजूला येतो आणि खोगीर सरकलं तर आपणही खाली. ओटा असेल, दगड असेल, पायरी असेल तर त्याच्यावरून चढा, मामांनी आपणहून एका कट्ट्याला घोडी लावली. डाव्या बाजूने चढायचं, आणि बसताना धपकन बसायचं नाही, हळू टेकायचं. रिकिबीत पायाचा फक्त चवडा, टाच खाली. पूर्ण पाऊल आत घातलं आणि पडलात तर पाय अडकून फरफटत जाता, म्हणूनच फ्लोटर्स आणि चपला नकोत, थोडी टाच असलेला बंद बूट हवा. हेल्मेट मागा. आमच्या मामांकडे होतं, लहान मुलांचं पण होतं, पण ते मागितल्यावर निघालं आणि पट्टा सैल होता तो सईने आवळून दिला. इथे अर्धा स्टार कापला, हेल्मेट आपणहून द्यायला हवं, विशेषतः लहान मुलांना.

राइड म्हणाल तर अप्रतिम. बाजारातून निघून शार्लोट लेक, मग लॉर्ड पॉइंट, एको पॉइंट, लुईझा पॉइंट अशी ती बाजू केली. सकाळी सव्वासातला निघालो, लाल मातीचा रस्ता, दोन्हीकडे झाडी इतकी दाट की ऊन खाली पोचतच नाही, आणि टापांचा आवाज. लुईझावरून समोर प्रबळगड स्वच्छ दिसला. मामा सगळा वेळ लगाम हातात धरून बाजूने चालत होते, एकदाही चाबूक नाही, नुसतं जिभेने टॉक टॉक. चढाला ओवीला सांगायचे "पुढं वाक बाळा", उताराला "जरा मागं". घोड्याला तेवढं केलं तरी पुष्कळ, त्याचा तोल आपण नाही बिघडवला म्हणजे झालं. सईला मोकळ्या पट्ट्यात दुडकी चाल करू दिली त्यांनी, पण आधी तिचं बसणं नीट बघून घेतलं, कुणी म्हटलं मला येतं आणि दिला लगाम असं नाही. काही ठिकाणी रस्त्याला ब्लॉक बसवलेत, तिथे लोखंडी नाल घसरते, मामा तिथे घोडी कडेच्या मातीवरून घ्यायचे आणि पुटपुटायचे. ब्लॉकवरून इथे बरंच राजकारण आणि कोर्टबाजी झालेली आहे, त्यात मी पडत नाही. चालणाऱ्याला आणि ई-रिक्षाला ते बरे पडत असतील, पण घोड्याच्या पायाला मातीच बरी हे तर डोळ्यांना दिसतंच.

आता आपली बिरादरी. एको पॉइंटच्या आसपास एक मोठा ग्रुप आला, आठ-दहा घोडे, सगळ्यांचे मोबाइल वर, एकाच्या हातात ब्लूटूथ स्पीकर. "ओ काका पळवा ना, व्हिडिओ काढायचाय!" आणि एक घोडेवाला पण तसलाच, त्याने पोरगं बसलेलं असताना मागून घोड्याला काठी घातली. घोडं उधळल्यासारखं निघालं, त्या पोराने खोगिराचा पुढचा दांडा घट्ट धरलेला, चेहरा पांढराफटक, आणि आईवडील हसत शूटिंग करतायत. समोरून एक आजी-आजोबा चालत येत होते ते कसेबसे झाडाला टेकले. नशीब काही झालं नाही. मला सांगा यात चूक कोणाची, पैसे घेऊन पळवणाऱ्याची की पैसे देऊन पळवायला लावणाऱ्याची? सईच्या क्लासमध्ये म्हणे पहिला नियमच हा आहे की पुढच्या घोड्यापासून निदान एक घोडाभर अंतर ठेवायचं, नाहीतर पुढचा मागे लाथ झाडतो, आणि चालणारी माणसं किंवा दुसरे घोडे दिसले की चाल हळू करायची. ज्या घोड्याला लाथ मारायची खोड आहे त्याच्या शेपटीला लाल रिबीन बांधतात, बाकीच्यांनी समजून घ्यायचं. इथे रिबिनी बिबिनी नाहीत, त्यामुळे अंतर आपणच ठेवायचं.

आणि खाऊ! हात जोडून विनंती, कुरकुरे, बिस्किट, वडापावचा पाव, चॉकलेट असलं काही घोड्याला घालू नका. घोड्याला उलटी होत नाही, त्याच्या शरीराची रचनाच तशी आहे, त्यामुळे पोटात गेलेलं चुकीचं असेल तर ते परत येत नाही, पोटशूळ उठतो आणि तेवढ्याने घोडा जातो सुद्धा. द्यायचंच तर मालकाला विचारून गाजराचा लांब तुकडा, तळहात सपाट ठेवून, बोटं मिटून. गोल चकत्या नकोत, घशात अडकतात. ओवीने गाजर नेलं होतं, मामा म्हणाले आत्ता नको, फेरी झाल्यावर दे, आणि पोरीने खरंच दोन तास खिशात सांभाळून ठेवलं.

फेरी संपली की आपण काय करतो, उतरतो, पैसे देतो, चालायला लागतो. पण मला सगळ्यात आवडलं ते त्यानंतरचं. मामांनी आधी तंग सैल केला, मग शेवटचं थोडं अंतर दोन्ही घोडी नुसती हाताला धरून, पाठ रिकामी ठेवून चालवत नेली. श्वास खाली आल्यावर पाणी. सई बरगडीकडे बघून मोजत होती, आरामात असलेला घोडा मिनिटाला आठ ते सोळा श्वास घेतो, काम झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांत तो परत त्याच्या आसपास यायला हवा. आला. तिने विचारलं मामा तुमचा तबेला बघू का संध्याकाळी, तर म्हातारा एकदम खुलला.

तबेला म्हणजे काय, घरामागे पत्र्याची शेड. पण झाडलेली. खाली वाळकं गवत, उतार असा काढलेला की मूत वाहून जावं. वास घोड्याचा होता, अमोनियाचा नव्हता, हा फरक सईने दाखवला, डोळ्यात झोंबणारा वास आला की समजायचं साफसफाई होत नाही आणि घोड्याची फुप्फुसं बिघडणार. शिरताना हळू बोला, पळू नका, दार उघडलं तर लावून घ्या, कुठल्या घोड्याला काय द्यायचं ते मालकाने ठरवलेलं असतं तेव्हा उगाच गवत उचलून कोणाला घालू नका, आणि घोडा खात असताना त्याच्या अंगाशी जाऊ नका. एवढं पाळलं की कुठल्याही तबेल्यात लोक प्रेमाने वागवतात. ओवीला खरारा करायला, म्हणजे ब्रशने अंग घासायला दिलं. मानेपासून सुरुवात करून मागे, केसांच्या दिशेने, आणि मागच्या बाजूला जाताना हात घोडीच्या अंगावर टेकवूनच जायचं म्हणजे तिला कळत राहतं आपण कुठे आहोत. दोरी हाताला गुंडाळायची नाही कधीही, घोडा दचकून ओढला तर बोटं जातात, दोरी घडी करून मुठीत धरायची. मामांनी लोखंडी आकडीने खूर साफ करून दाखवले, टाचेकडून पुढे, मधला जो मऊ त्रिकोणी भाग असतो त्याला न दुखवता. एका खुरातून एवढा मोठा खडा निघाला. सकाळी निघायच्या आधी आणि आल्यावर, दोन्ही वेळा बघतो म्हणाले.

संध्याकाळची चंदी म्हणजे भिजवलेले हरभरे, गव्हाचा कोंडा, थोडा गूळ. शिवाय गवत दिवसभर. एका घोड्याला दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी सहज लागतं, उन्हाळ्यात जास्तच, आणि माथेरानला डोंगरमाथ्यावर मे महिन्यात पाण्याची काय परिस्थिती असते ते वेगळं सांगायला नको. मामा म्हणाले गिऱ्हाईक शनिवार-रविवारचं, घोडं खातं सातही दिवस. २०२० च्या लॉकडाऊनचा विषय निघाला तेव्हा जास्त काही बोलले नाहीत, शेरूच्या मानेवरून हात फिरवत राहिले आणि नंतर चहा घ्याच म्हणाले.

म्हणून दराबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. बोर्डावरच्या दरापेक्षा जास्त मागितले तर देऊ नका, बरोबर आहे. पण बोर्डावरच्या दरातही घासाघीस करून, "दोघांना एकाच घोड्यावर बसवा ना" करून जे पैसे वाचवतो ते घोड्याच्या तोबऱ्यातून काढलेले असतात. आणि फास्ट फेरी मारून अर्ध्या तासात आणला म्हणून बक्षिशी देऊ नका. सावकाश आणला, मध्ये पाणी पाजलं, त्याला द्या. पुढच्या वेळी तो तेच करेल.

ज्या लोकांना वाटतं की घोड्यावर बसणं हाच मुळात अत्याचार आहे, त्यांनी चालत जावं, माथेरान चालण्यासाठीच आहे, माझं काहीच म्हणणं नाही. पण मला चांदणीकडे बघून तसं वाटलं नाही. अंग चकचकीत, डोळा शांत, मामांचा आवाज आला की कान त्यांच्याकडे. आणि त्याच बाजारात चार पावलांवर हाडं दिसणारा, पाठीवर जखम घेऊन उभा असलेला घोडाही होता, त्याच्याकडे बघून मात्र तसंच वाटलं. त्या घोड्यावर आपल्यासमोर एक कुटुंब बसून गेलं कारण तो पन्नास रुपये स्वस्त होता. सईने मालकाला हटकलं तर तो म्हणाला मलम लावलंय. तिने नंबरचा फोटो काढला आणि नगरपरिषदेत जाऊन तोंडी सांगून आली, त्यांनी लिहून घेतलं, पुढे काय झालं कळलं नाही.

बाकी तक्रारी किरकोळ. धूळ आणि लीद यांचं जे लाल मिश्रण हवेत असतं ते नाकात जातं, दम्याचा त्रास असेल तर मास्क न्याच, दुपारी तर फारच. रस्त्यावरची लीद उचलायची काहीतरी नीट व्यवस्था हवी. घोड्यांना पाणी प्यायला पॉइंटच्या बाजूला हौद अजून हवेत. आणि सासूबाईंसारख्या गुडघेदुखीवाल्यांना घेऊन जात असाल तर घोड्याच्या भानगडीत न पडता सरळ ई-रिक्षा किंवा शटल बघा, उतरताना गुडघ्यावरच सगळं येतं.

जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि शक्यतो आठवड्याच्या मधला दिवस. पावसाळ्यात माथेरान सुंदरच असतं पण तेव्हा घोडा नको, दगडांवर शेवाळ असतं आणि चिखलात खोलगट जागा दिसत नाहीत. (नेरळवरून येणारी ट्रेन पण पावसाळ्यात बंदच असते, अमन लॉज ते माथेरान शटल तेवढी चालू ठेवतात.) जाड कापडाची लांब पॅन्ट घाला, शॉर्ट्सवर बसलात तर मांड्या सोलतील. सकाळी दहाच्या आत फेरी उरकेल असं बघा. कमेंटमध्ये मामांचा नंबर मागू नका, त्यांना न विचारता मी तो असा टाकणार नाही, बाजाराच्या बाजूला सातच्या सुमाराला जा आणि कपाळावर ठिपकेवाली घोडी शोधा, आणि नाहीच सापडली तर जो माणूस तुमचं वजन विचारेल त्याच्याबरोबर जा.